नसीम, तुझा प्रस्ताव माझ्यापुढं आलाय

नसीम, तू जाऊन चाळीस दिवसही झाले नाहीत, तुझ्या चाळीसाव्याला अजून अवकाश आहे आणि प्राचार्यांनी मला कॉलेजच्या संशोधन समितीत तुझ्या जागी बसवलंसुद्धा. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, नसीम मॅडमची जागा तुमच्याशिवाय कोन घेणार?" जागेचं काय गं, जागा भरतेच. सकाळच्या जालना-मंठा गाडीत माझ्या शेजारी रोज कुणी ना कुणी बसतंच. परवा एक बाई कोंबडी घेऊन बसल्या. तुला हसू आलं असतं. मला रडू आलं, आणि त्या बिचाऱ्या बाईंना वाटलं, मला कोंबडीचा वास सोसत नाहीय. त्यांनी ती उचलून पलीकडच्या मांडीवर घेतली.

शोकसभेत तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं. विद्यार्थीप्रिय, शिस्तप्रिय, वनस्पतिशास्त्राच्या व्यासंगी प्राध्यापिका. ऐकताना मला वाटत होतं, ही कुणीतरी दुसरीच बाई गेलीय. तू किती हट्टी होतीस हे कुणीच सांगितलं नाही. जालन्याच्या स्टँडवर गाडी लागली की सगळं जग खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतं. मीही दोन जागा धरायचे, एक तुझ्यासाठी. तू त्या जागेवर कधी बसली नाहीस. "आधी चढंल त्याची जागा. तुझा रुमाल चढला, मी कुठं चढले?" असं म्हणून वाटूर फाट्यापर्यंत उभी. मी बसलेली, तू दांडीला धरून उभी, आणि आपलं भांडण मात्र बसल्यासारखं निवांत. गाडीतल्या लोकांना आपण दोघी सख्ख्या जावा वाटायचो.

तुझा तो न्यायाचा हट्ट खाण्यापिण्यातही सुटत नसे. तू बागांमधून माती आणायला जायचीस तेव्हा बागवाले हातात मोसंबी द्यायचेच. ती स्टाफरूममध्ये तू सोलायचीस, फोडी वाटायचीस आणि सगळ्यात शेवटी स्वतः घ्यायचीस. वाटणाऱ्यानं शेवटी घ्यायचं, ही तुमच्या घरची रीत. शेवटी उरायची ती बहुतेक कोरडी फोड. एकदा दोन कोरड्या उरल्या, तर दुसरी माझ्या हातावर ठेवलीस. मी म्हटलं, "मला का गं?" तू म्हणालीस, "तू काय परकी हाय का?"

त्या उत्तराचा अर्थ मला फार उशिरा कळला.

तुझं ते मोसंबीचं काम. अंबड-घनसावंगीकडं शेजारशेजारच्या दोन बागा, जमीन सारखी, पाणी सारखं. दुष्काळात एकीतली झाडं वाळून गेली, दुसरीतली तगली. का? तुझं म्हणणं, उत्तर मुळांवर राहणाऱ्या बुरशीत आहे. बुरशी म्हटलं की मी नाक मुरडायचे, आणि तू विद्यार्थ्याला समजवावं तशी मला समजवायचीस, "सगळी बुरशी रोगाची नसती, सुमन. मूळ जिथं पोचत न्हाई तिथून काही बुरश्या पाणी आनून देतात." तो प्रस्ताव घेऊन तू मोठ्या शहरातल्या मोठ्या समितीपुढं गेलीस. नवा पंजाबी ड्रेस शिवला होतास, आठवतं? तिथं एका सदस्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मंठा कुठं आलं? तू नकाशा हातानं हवेत काढून दाखवलास. मग त्यांनी विचारलं, तिथं साधा बरा सूक्ष्मदर्शक तरी आहे का? कल्पना चांगली आहे, पण अशा संस्थेत हे काम पार पडेल याची खात्री वाटत नाही, असा शेरा आला. त्याच समितीनं त्याच विषयावरचं काम एका नावाजलेल्या संस्थेला दिलं. ते मिळवणारा त्या सदस्यांचाच जुना विद्यार्थी होता, हे तुला नंतर कळलं.

परत आल्यावर तू रडली नाहीस. गाडीत एवढंच म्हणालीस, "त्यांनी काम वाचलंच न्हाई गं. पत्ता वाचला."

म्हणून आपल्या कॉलेजनं छोटं संशोधन अनुदान सुरू करायचं ठरवलं, तेव्हा तू जिवाचं रान केलंस. निधी एवढासा, वर्षाला एकाच प्रस्तावाला पुरेल इतका. पण तू त्यासाठी नियम असे लिहिलेस जणू सगळ्या देशाचं विज्ञान मंठ्यातून चालणार आहे. नावं झाकायची. आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलामुलींनाही प्रस्ताव द्यायचा हक्क. ज्यांना तासामागं पैसे मिळतात, सुट्टी लागली की जे बेकार होतात, ज्यांना स्टाफरूममध्ये स्वतःचं कपाटही नसतं, त्यांना कशाला, असं प्राचार्य म्हणाले. तू बैठकीतून उठून जायला निघालीस तेव्हा ते कबूल झाले. कार्यालयातल्या बाबुरावांनी नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, त्याही इतक्या रुंद की निम्म्या विषयांची शीर्षकं झाकली गेली. तू समितीत असल्यानं तुझा मोसंबीचा प्रस्ताव तू दिलाच नाहीस. आणि आपण दोघींनी गाडीत शपथ घेतली, की प्रस्ताव दिला की नाही यावर अवाक्षर बोलायचं नाही.

ती शपथ आपण पाळली. तिथंच सगळं चुकलं. दुसऱ्या कुणी असत्या तर एकमेकींना पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या असत्या.

त्या वर्षी आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनात मी अडकले आणि प्रस्ताव दिला नाही. तुला ते माहीत नव्हतं. तुझ्यापुढं पाण्यावरचा एक प्रस्ताव आला. एकाच गावातल्या जुन्या विहिरी आणि नवे बोअर, उन्हाळा चढत जातो तसतसं त्यांच्या पाण्यात काय काय बदलतं. रसायनशास्त्र म्हणजे माझा विषय, त्यात पाणी, आणि मांडणी एकदम स्वच्छ. तू मनाशी म्हणालीस, ही सुमनच. आणि आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं व्हायला नको, म्हणून तू हात आखडलास. समितीतल्या बाकी दोघांनी तो प्रस्ताव डोक्यावर घेतला होता. तुझ्या गुणांनी तो खाली आला, थोडक्यात.

पट्ट्या काढल्या. खाली नाव निघालं प्रतिभाचं. भोकरदनची मुलगी, माझ्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी.

त्या संध्याकाळी गाडीत तू माझ्याजवळ बसलीस. जागा रिकामी होती, तरी इतकी अंग चोरून, जणू तिकीट काढायचं राहिलंय.

"सुमन, तुझा प्रस्ताव न्हवता?"

"न्हाई. मी टाकलाच न्हाई औंदा."

"बिलकुल न्हाई?"

"न्हाई म्हन्ले ना. काय झालं?"

तू सगळं सांगितलंस. काहीही न लपवता, स्वतःची बाजू न घेता. मला सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? हे तुला मी कधी बोलले नाही. मला आधी जरा गुदगुल्या झाल्या. त्या गठ्ठ्यातला सगळ्यात चांगला प्रस्ताव तो सुमनचाच, असं तुला वाटलं होतं तर! आणि त्याच्या मागोमाग असा राग आला, की मी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले. मग परत आले, कारण भांडायचं होतं.

"म्हंजे माझा असता तरी कापला असतास?"

"तुझा हाय म्हनूनच कापला."

"अन् ह्याला तू न्याय म्हन्तीस?"

"मंग काय करू? आपलं मानूस दिसलं की हात सैल सुटतो, सुमन. मला माहितीय माझा हात. म्हनून आवळला."

"हात तुझा स्वच्छ राह्यला, अन् खर्चा कुनाच्या अंगावर?"

त्या मोठ्या समितीनं आपल्या माणसाला जास्त दिलं आणि तू आपल्या माणसाला कमी दिलंस; पण दोन्हीकडं बघितलं गेलं ते माणसाकडंच, कामाकडं नाही, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, "दोन्ही बराबर कसं? त्यांनी फायदा उपटला, मी नुकसान सोसलं." मी ओरडले, "तू कुठं सोसलंस? प्रतिभानं सोसलं!" कंडक्टरनं मान वळवून बघितलं. त्या मोसंबीच्या कोरड्या फोडीचा अर्थ मला त्या दिवशी कळला, नसीम. तू स्वतःला शेवटी ठेवायचीस, आणि ज्यांच्यावर तुझा जीव त्यांना स्वतःतच धरायचीस. त्यांच्याही वाट्याला तीच फोड. तुझ्या प्रेमाची तऱ्हाच ती. मी ती सोसलीही असती. पण ती चुकून एका परक्या मुलीच्या हातावर पडली होती.

दुसऱ्या दिवशी तू प्राचार्यांकडं गेलीस, तू दिलेले गुण बाद करून पुन्हा तपासा, असं म्हणालीस. ते म्हणाले, निकाल लागला, आता एक उघडलं तर सगळंच उघडावं लागेल. मग तू प्रयोगशाळेत आलीस. प्रतिभा बेसिनपाशी काचेची भांडी विसळत होती. तू माझ्यादेखत तिला सगळं सांगितलंस. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. कुणाला कळणार होतं? तेवढ्यासाठी मी जन्मभर तुझ्या पायाशी बसायला तयार आहे. प्रतिभानं नळ बंद केला. तिचा आवाज चढला नाही.

"मॅडम, गुन कमी पडले त्याचं काही न्हाई. पन तुम्हाला ते माझं वाटलंच न्हाई, ह्याचं वाटून राह्यलंय."

तोवर आपण दोघी गाडीत काय काय भांडलो होतो, पण हे आपल्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. इतका नेटका प्रस्ताव एका तासिकावाल्या मुलीचा असेल, हा विचार तुझ्या मनाला शिवला नव्हता. आणि मी, जिच्या विभागात ती काम करते, ती मीही गुदगुल्या करून घेत बसले होते. नावावर रुंद पट्टी लावली की भेदभाव संपला असं आपण धरून चाललो. पट्टीच्या खाली कोण असणार, हे तर आपण आधीच ठरवून टाकलं होतं.

परतताना तू वाटूर फाटा गेल्यावर बोललीस. "सुमन, मी तिला मंठा कुठं आलं, असंच इचारलं म्हनायचं." इतकी शांत तू मला कधीच आवडली नाहीस.

प्रतिभाचा तो उन्हाळा हुकला. पाणी उन्हाळ्यातच तपासायचं होतं, आणि कॉलेज सुटलं की तिच्या हाताला ना काम ना प्रयोगशाळा. तू बागांच्या फेऱ्यांत तिथल्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणायचीस, चिठ्ठ्या चिकटवून, आणि तिच्यासाठी ठेवून द्यायचीस. शहागडच्या पुलापलीकडून तू भरलेल्या बाटल्या पिशवीत खुळखुळवत यायचीस, तेव्हा तुला काही म्हणायची माझी हिंमत होत नसे. त्यानं नुकसान भरून निघालं असं तू कधी म्हणाली नाहीस. प्रतिभाही म्हणाली नाही. पण ती तुझ्याशी पहिल्यासारखी बोलू लागली, मुळांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला तुझ्याकडं येऊ लागली, एवढं मी पाहिलं.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. दवाखान्यात तुला नळ्या लावलेल्या, आणि तुला तेच. "सुमे, एक सांग. तुझाच असता, अन् मी भरभरून दिले असते, मंग बरं वाटलं असतं तुला?" मी तोंड उघडलं, इतक्यात तुझ्या जावेनं मला बाहेर जायची खूण केली. मी दारातून म्हणाले, "बरी हो, मंग सांगते." तू हात हलवलास, म्हणजे ये उद्या, आज पळ काढलास. उद्या आला, पण तू बोलायच्या पलीकडं गेली होतीस.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मी तुमच्या घरी बायकांत बसले होते. तुझ्या अम्मीनं मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "बेटा, तेरेसे लड के आयी तो एक रोटी ज्यादा खाती थी." मला तिथं हसूही आलं आणि मी इतकी रडले की तुझ्या अम्मीच मला समजवत बसल्या. आता मी कुणाशी भांडू गं? घरी सगळे माझं ऐकून घेतात.

आणि काल समितीची बैठक झाली. पुन्हा बाबुरावांच्या पट्ट्या. गठ्ठ्यात एक प्रस्ताव प्रतिभाचा, तोच पाण्याचा, जास्त पक्का केलेला. आणि एक तुझा. तुझ्या विभागातल्या नव्या सरांनी तुझं अपुरं काम पूर्ण करायचं म्हणून दिलेला. तुझ्या मसुद्यातली वाक्यं जशीच्या तशी. "मूळ जिथे पोहोचत नाही तिथून." मी चष्मा काढून पुसला. निधी अजूनही एकाच्याच पुरता. प्राचार्य आधीच म्हणून बसले होते, "नसीम मॅडमचं काम पुढं न्यावं, हीच खरी श्रद्धांजली."

मी सुरुवातीलाच सांगितलं, की यातले दोन प्रस्ताव कुणाचे आहेत ते मला कळलंय आणि दोन्ही माणसं माझी आहेत. हवं तर मी बाहेर बसते. संभाजीनगरहून आलेले बाहेरचे सर हसले. "मॅडम, तुमच्या एवढ्याशा कॉलेजात कुनाचं कुनाला कळत न्हाई? सगळेच बाहेर बसू का?" त्यांनी मला बसवलं. कारणं मात्र सगळ्यांपुढं सांगायची, असं मी स्वतःहून कबूल केलं.

नसीम, तुझा प्रस्ताव मी किती वेळ हातात धरून बसले. भरभरून द्यावेत असं आतून फुटत होतं. मग वाटलं, थांब, हात सैल सुटतोय. मग आवळला. मग वाटलं, हे तर नसीमनं केलं तेच. गुण लिहायचे, खोडायचे. तू काय अवघड करून ठेवलंयस मला. तुला त्या क्षणी काय वाटलं असेल ते मला काल पहिल्यांदा कळलं, आणि तुझ्यावरचा माझा राग तिथं बसल्या जागी उतरला. तुला ते सांगायला हवं होतं. शेवटी मी तुला बाजूला ठेवलं, स्वतःला बाजूला ठेवलं, आणि फक्त तो कागद वाचला. पहिल्या ओळीपासून, परक्यासारखा.

कल्पनेला पूर्ण गुण दिले. गरजेला पूर्ण दिले. मग कामाची रीत आली. बागेतली कोणती झाडं घ्यायची आणि तीच का, याबद्दल तिथं एकच ओळ होती: पूर्वी निवडलेली झाडं. ती तू निवडली होतीस. बागवाल्याशी गप्पा मारत, कोणत्या साली कोणत्या झाडाला पाणी तोडून ताण दिला ते विचारत, बागेत हिंडून. का निवडलीस ते तुझं तुला ठाऊक. नव्या सरांना ठाऊक नव्हतं, मलाही नाही. मी तिथं कमी गुण लिहिले आणि खोडले नाहीत.

बाहेरच्या सरांनी माझा कागद बघितला. "मॅडम, हे तर तुमच्या मैत्रिणीचं काम ना? बाकी सगळीकडं पूर्ण, अन् इथंच एवढे कमी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. कारण सांगायचं मी कबूल केलं होतं.

"काम उत्तम आहे," मी म्हणाले. "पण ते करणारी आता नाही."

तू गेल्यापासून हे मी कुणापुढंही उच्चारलं नव्हतं. अम्मीपुढं नाही, शोकसभेत नाही, घरी नाही. ते मला समितीपुढं, गुणांचं कारण म्हणून सांगावं लागलं. प्राचार्यांनी मान खाली घातली. बाहेरच्या सरांनी तुझा कागद हळूच गठ्ठ्याखाली सरकवला आणि पुढचा माझ्या हातात दिला. नावावर पट्टी होती. तो प्रतिभाचा आहे हे मला माहीत होतं, आणि या वेळी मी तो प्रतिभाचाच म्हणून वाचला.